सात शतांश

गेल्या खेपेला मीच घट्ट ठेवलं होतं.
चार शतांश. कंपनीचं पुस्तक तेवढंच सांगतं,
पण ते पुस्तक ओतीव पिस्टनचं
आणि मी बसवले होते घडीव,
तापले की अंग धरणारे.
गडहिंग्लजच्या माळावर तिसऱ्या फेरीत
जिप्सीने एकदा आवंढा गिळला
आणि गप्प.

रात्रीच टेंपोत घालून आणली.
शिनोळीच्या नाक्यावर खिशात फोन थरथरला,
दुसऱ्या राज्यात स्वागत म्हणाला.
मागे हौद्यात एमएच शून्य नऊ, बॉनेट उघडं,
ऑइल गळत होतं अलीकडे,
पलीकडेही गळतच होतं.

उद्यमबागेत तिसऱ्या गल्लीत फकीरप्पाचं शेड.
त्याला मराठी येतं, मलाही कन्नड येतं,
तरी कामावर आम्ही आकडेच बोलतो.
त्याने तिसऱ्या सिलिंडरमध्ये बोट फिरवलं.
ओरखड्यात नख अडकलं.
"कोण केलंय हे?" मुद्दाम मराठीत विचारलं,
मला नीट ऐकू यावं म्हणून.
मी चहा सांगायला बाहेर गेलो.

परत आलो तर तो वहीवर आकडे मांडून बसलेला.
किती ठेवायचं?
पाच, मी म्हणालो.
"एळु."
साडेपाच? सहा?
"एळु," आणि पेन्सिल कानावर.

पुण्याहून खोकं आलं. चार पिस्टन कापसात गुंडाळलेले,
रॉड, बेअरिंगा, धारदार कॅम,
तीन पदरी पोलादी गॅस्केट.
रॉड तोलायला शहापूरला सराफाकडे गेलो.
बेळगुंदकर सराफ हसले, तरी
बोरमाळ बाजूला सारून काटा पुसून दिला.
एकात सव्वा ग्रॅम जास्त निघाला.
सोन्यात असता तर ठेवून घेतला असता, म्हणाले.
मी घरी येऊन कानशीने घासून टाकला,
तिघांच्या बरोबरीला येईपर्यंत,
दोन रात्री.

होनिंग झालेल्या भिंतीवर
सुपाच्या विणीसारख्या आडव्यातिडव्या रेघा.
तेल धरतात त्या. गुळगुळीत भिंत तेल धरत नाही,
हे मला कळायला अकरा वर्षं लागली.
रिंगांची फट: कानस एकदा, बघ,
पुन्हा एकदा, बघ.
रोज संध्याकाळी नेसरीहून रणधीरचा फोन,
"काय करूलास बे? झालं का न्हाई?"
कानस एकदा, बघ.

हेडचे बोल्ट तीन दमात, मधल्यापासून बाहेर,
टॉर्क रेंच टिक म्हणेपर्यंत. टिकच्या पुढे
हात आपोआप थोडा जातो, जुनी खोड.
या वेळी काढून घेतला.
सगळं नवं घातलं. जुनी फक्त डिपस्टिक ठेवली,
वाकडी आहे, मापही थोडं खोटं दाखवते,
पण किती खोटं ते मला पाठ आहे.

रविवारी शेडच्या दारात चालू केली.
टक टक टक टक.
रणधीरचं तोंड उतरलं. "वाजतंय की!"
माझ्याही पोटात कुठेतरी तेच वाजत होतं.
फकीरप्पा उकिडवा बसलेला, तळहातावर चुना मळत:
"स्वल्प ताळ्री."

ताळलो. तिघंही, काही न बोलता,
एखाद्याच्या घरी लवकर पोचल्यासारखे.
काटा उठला, जरा थांबला, पुन्हा उठला.
वरचा होज हाताला कोमट लागला, मग गरम.
टक टक.
टक.
मग नुसताच गुरगुराट, भरीव, खालच्या पट्टीतला.
मी अजून कान लावून होतो,
खिशातल्या फीलर गेजच्या सातच्या पात्यावर अंगठा.
फकीरप्पा उठला, विजार झटकली,
"साकु" म्हणाला,
आणि कुणाच्या तरी ट्रॅक्टरचं हेड
मशीनवर चढवायला आत गेला.